भोंगा थांबल्यावर

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या, आधीच तू उठून गेलास. मी वळून पाहिलं तेव्हा तू बाहेर स्कूटरजवळ उभा होतास, हेल्मेट हातात घेऊन. उपासना संपवून मी बाहेर येईपर्यंत निघून गेला होतास. मग परवा घरी येऊन तू सगळं सांगितलंस. बहिणीच्या फीचे बारा हजार, फोनवरचा तो सट्टा, ‘ही शेवटची मॅच’ आणि त्यानंतरची आणखी एक शेवटची. समोरचे पोहे गार झाले, तू शेवसुद्धा उचलली नाहीस. त्या दिवशी मी फार बोलले नाही, कारण जाताना तू जे म्हणालास ते मनात घोळत होतं: ‘मावशी, आधी हे सुटू दे. मग घेईन प्रभुभोजन.’

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य उलटं आहे, बाळा.

तुला माझे बाबा आठवत नसतील. ते इथल्या कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो आणि आमच्या गल्लीचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. तो झाला की बाबा निघाले, हे ठरलेलं. मग मिल बंद पडली, गेटला कुलूप लागलं, भोंगा थांबला. तरी बाबा पहाटे पाचला उठायचेच. दाढी, अंघोळ, डब्यात पोळीभाजी, आणि चपला घालून ओट्यावर येऊन बसायचे. कुठे जायचं नाही हे त्यांना कळत होतं, पायांना कळत नव्हतं. एकदा त्यांनी आईला आत हाक मारून विचारलं, ‘भोंगा झाला का गं?’ आईने स्टोव्ह बारीक केला, बाहेर आली आणि त्यांच्या हातातला डबा घेतला. म्हणाली, ‘नाही झाला. आता व्हायचा नाही.’

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय मी कितीदा वाचला असेन, पण तो मला कळला त्या ओट्यामुळे. तिथे प्रेषित पौल पापांची यादी देत नाही. तो ‘पाप’ एकवचनी लिहितो, जणू ती एक सत्ताच आहे. ती राज्य करते, गुलाम राबवते आणि महिनाअखेर पगारही देते, तो म्हणजे मरण. पौलाने हे पत्र इसवी सन 57 च्या सुमारास लिहिलं. रोमच्या मंडळीत तेव्हा खरेखुरे गुलाम बसलेले असणार, धनी म्हणजे काय हे त्यांना शिकवायला नको होतं. त्यांना तो सांगतो की मेलेल्या माणसावर धन्याचा हक्क चालत नाही. तुमचा बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या मरणात झाला, त्याच्याबरोबर तुम्ही मेलात आणि त्याच्याबरोबर उठलात. तेव्हा आपण पापाला मेलेले आहोत असं माना.

‘माना’ या शब्दावर मी बरीच वर्षं अडखळले. नसलेलं आहे असं समजायचं, स्वतःची समजूत घालायची, असं काहीतरी मला वाटायचं. पुढे पाळकांनी समजावलं की मूळ ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. खात्यात जमा झालेली रक्कम जमा म्हणून धरायची, एवढंच. जमा करणारा ख्रिस्त आहे. आपण फक्त वही नीट वाचायची.

म्हणून तुझं वाक्य उलटं. तू आधी धन्याला हरवणार आणि मग स्वतंत्र होणार. पौलाचा क्रम पाहा: आधी सुटका, मग चालणं. पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही असं तो म्हणतो आणि लगेच कारण देतो, तुम्ही कृपेच्या अधीन आहात. तुमची इच्छाशक्ती पक्की आहे असं कारण तो देत नाही.

प्रभुभोजनाची भीती तुला करिंथकरांस पत्रातल्या ‘अयोग्य प्रकारे’ या शब्दांमुळे बसली आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो अकरावा अध्याय सबंध वाच. करिंथात काही जण आधीच भरपेट खाऊन-पिऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्या वागण्याला पौल अयोग्य म्हणतो. स्वतःची परीक्षा कर असं तो सांगतो खरं, पण परीक्षा करून भाकर खावी असंही त्याच दमात सांगतो. उठून स्कूटरपाशी जावं असं त्यात कुठेही नाही.

आता तू म्हणशील, सुटका झाली आहे तर रात्री साडेसातला हात फोनकडे का जातो? पाय ओट्याकडे का जायचे, तसाच. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात एक माणूस कळवळून म्हणतो की जे करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही आणि जे नको तेच मी करतो. हा माणूस विश्वासात आलेला की न आलेला, यावर मंडळीत फार जुना वाद आहे. जुन्या काळचे मोठे धर्मपंडित संत ऑगस्टिन, त्यांनी तर स्वतःचंच मत बदललं. आधी ते म्हणायचे, हा कृपेबाहेरचा माणूस. उतारवयात म्हणू लागले, हा विश्वासीच. मला उतारवयातले ऑगस्टिन पटतात. याच जन्मी मनातून पाप साफ निघून जातं असं शिकवणारे लोकही मला भेटले आहेत. त्यांच्या प्रार्थनेची तळमळ मी मानते, पण आपल्यात पाप नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं, असं प्रेषित योहान आपल्या पत्रात स्पष्ट लिहितो. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत म्हणतो की पाप कबूल केलं तर देव विश्वासू आहे, तो क्षमा करील.

माझं सांगते. सासूबाईंच्या पाटल्यांवरून माझी आणि मोठ्या जाऊबाईंची अढी बसली. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत मी एकही प्रभुभोजन चुकवलं नाही, तरुण संघाला क्षमेवर धडेदेखील दिले. तुझं पाप फोनच्या हिस्टरीत दिसतं, माझं कुणालाच दिसत नव्हतं. मी प्रार्थना करायची, ‘प्रभू, माझं मन बदल.’ मन बदलत नव्हतं. एका रात्री त्याच सहाव्या अध्यायात वाचलं की आपले अवयव नीतिमत्त्वाची साधने म्हणून देवाला द्या. मन नाही, अवयव. मी उठले, चष्मा लावला, डायरीतून नंबर काढला आणि बोटाने एकेक आकडा फिरवला. पलीकडून त्यांनी ‘हॅलो’ म्हटल्यावर माझा घसा कोरडा पडला होता आणि मनात अजूनही पाटल्याच होत्या. त्या दिवशी देवाला मी फक्त एक बोट देऊ शकले. मन पुष्कळ महिन्यांनी मागून आलं. आजही एखाद्या लग्नात त्या पाटल्या दिसल्या की आत काहीतरी वाजतं. मी मनात म्हणते, झाला नाही, आता व्हायचा नाही.

पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला त्यांना पुढे आठ वर्षं लागली. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षं लागली, मला नऊ. तुझी अजून दोनच वर्षं झालीत.

बाबांचं ते ओट्यावर बसणं नुसतं समजावून थांबलं नाही. शेजारचे एक काका पहाटे दूध घालायचे. त्यांनी एक दिवस बाबांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं आणि मग रोजच नेऊ लागले. पाचला उठणं तेच राहिलं, वाट बदलली. येशूने झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घराची गोष्ट सांगितली, ती आठव. तिथे बाहेर पडलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. तुझे साडेसात ते अकरा हे तास रिकामे राहता कामा नयेत. म्हणून फोनवरचं ते अॅप मी सांगेपर्यंत थांबू नकोस, आजच काढ. पगाराचं खातं सहा महिने दादाच्या हाती दे. लाज वाटेल. याकोबाने आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितलंय, ते याचसाठी. बहिणीला आज खरं सांग आणि दर महिन्याला हजार परत कर. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, तू निदान पूर्ण दे. आणि व्यसनाच्या डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येते. त्याने प्रार्थनेचा अपमान होतो असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पुन्हा पडलास तर? पडशील कदाचित. त्याच रात्री मला फोन कर, सकाळची वाट पाहू नकोस. पडल्यावर दोन आठवडे तोंड लपवून बसायचं आणि मग प्रायश्चित्त म्हणून स्वतःला छळायचं, हे मला पडण्यापेक्षा जास्त घातक वाटतं. जुना धनी त्याच दोन आठवड्यांत तुला पटवतो की तू अजून त्याचाच आहेस.

शनिवारी मॅच आहे, हे मला माहीत आहे. सातला आमच्याकडे जेवायला ये. भरली वांगी करते. फोन माझ्या स्वयंपाकघरातल्या डाळीच्या डब्यात राहील, अकरा वाजता परत मिळेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडून, मी तुझी जागा धरून ठेवते.

तुझी,
मावशी