ताकानाकांसारखी मिश्र शैली वाजवायची आहे त्याला

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, सोबतचं रेकॉर्डिंगही दोनदा ऐकलं. मासायोशी ताकानाका या जपानी गिटारवादकासारखं फंक, सांबा आणि रॉक एकाच रचनेत आणायचंय, पण ऐकताना ते तुकडे जोडल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. तसं वाटतं हे खरंच आहे. तू मिश्रण सुरावटीत करतो आहेस. चार मात्रा ब्लूज, चार मात्रा फंक, मग एक लॅटिन तुकडा. ताकानाका मिश्रण करतात ते खाली, ताल आणि बासमध्ये. वरची गिटार बहुतेक वेळा गुणगुणता येईल अशी एकच सलग धून गात असते.

हे त्यांना कुठून आलं ते त्यांच्या वाटचालीत दिसतं. जन्म 1953 चा, टोकियोचा. 1972 मध्ये फ्लाइड एग या रॉक त्रिकुटाच्या दोन्ही अल्बमवर ते गिटार नव्हे, बास वाजवत होते. पुढे सॅडिस्टिक मिका बँडमध्ये गिटार हाती आली. या बँडचा 1974 चा ‘कुरोफुने’ हा अल्बम ख्रिस थॉमस या ब्रिटिश निर्मात्याने केला आणि 1975 मध्ये बँडने रॉक्सी म्युझिकबरोबर ब्रिटनचा दौरा केला. त्यानंतर बँड फुटला. 1976 मध्ये ‘सेशेल्स’ हा पहिला एकल अल्बम आला. म्हणजे एकल वादक होण्याआधी त्यांनी गाण्याचा तळ सांभाळला होता. तुझी सुरुवातही तिथूनच कर.

त्यांची कोणतीही एक रचना घे आणि महिनाभर तिची मुख्य धून वाजवूच नकोस. आधी बास उतरवून घे. बासच्या चार तारांचे सूर गिटारच्या खर्जाच्या चार तारांचेच असतात, फक्त एक सप्तक खाली, त्यामुळे वेगळं वाद्य लागणार नाही. वेग निम्म्यावर आण, दोन-दोन आवर्तनं घे, कागदावर लिही. बासचा सूर कुठे थांबतो तेही लिही. नवशिके सूर बरोबर पकडतात, पण त्यांची लांबी चुकवतात, आणि फंकची सगळी उडी त्या मोकळ्या जागेत असते.

मग कटिंग, म्हणजे फंकमधले तुटक, ठेक्यात बसणारे फटके. उजवा हात दर मात्रेला चार फटके देतो, खाली-वर-खाली-वर, आणि कधीच थांबत नाही. वाजायचं काय आणि दाबायचं काय हे डावा हात ठरवतो. बोटं तारांवर ठेवूनच ढिली केली की फटका नुसता ‘चक’ वाजतो. उंच सुरांच्या बारीक तीन-चार तारा पुरतात, खर्जाच्या जाड तारा घेतल्यास तर बासशी भांडण होतं. मेट्रोनोम 70 वर लाव, पाच मिनिटं मनगट न आवळता वाजलं तरच 75 कर. खांदा दुखायला लागला तर हात कोपरातून हलतोय असं समज.

सांब्यात आपल्या कानाची खास अडचण होते. आपण समेवर वजन शोधतो. सांबा दोन मात्रांचा आणि सुर्दो या मोठ्या ढोलाचा खोल ठोका दुसऱ्या मात्रेवर. पहिल्यावर जोर दिलास की सांब्याचं संचलन होतं. दुसऱ्या मात्रेवर पाय आपटत, तोंडाने धून म्हणत सराव कर. हे अंगात येईपर्यंत गिटार बाजूला ठेवलीस तरी चालेल.

आता नादाबद्दल. त्यांची ओळख म्हणजे यामाहा एसजी-2000. तिची मान शरीरातून आरपार जाते आणि ब्रिजखाली पितळेची पट्टी असते, म्हणून सूर लांबतो. तू मात्र ती विकत घ्यायच्या मागे लागू नकोस. हंबकर पिकअप (तारांचा नाद पकडणारं दुहेरी कॉइलचं चुंबक) असलेली कोणतीही नीट लावलेली गिटार चालेल. गेन, म्हणजे आवाज फाडणारी वाढ, इतकाच ठेव की हलका फटका स्वच्छ आणि जोराचा फटका किंचित फाटलेला वाजेल. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये गेन एवढा चढवलाय की हळू-जोरातला फरकच उरत नाही. डिले, म्हणजे सुराचा मागून येणारा पडसाद, गाण्याच्या लयीत बसव: 60,000 ला लयीच्या आकड्याने भाग की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 120 च्या लयीला 500, आणि पाऊण मात्रेचा हवा तर 375. तार ओढतोस तेव्हा सूर वर पोचत नाही. आधी दोन फ्रेट पुढचा सूर वाजवून ऐक, मग ओढून तिथे पोच.

दोन गिटारींची जोडधून करताना तू दुसरा सूर आपोआप जोडणाऱ्या पेडलवर एकच अंतर कायम ठेवलं आहेस, तिथेच ते बेसूर होतं. शुद्ध स्वरांत सा–ग हे अंतर चार अर्धस्वरांचं, पण रे–म आणि ग–प तीनच. म–ध पुन्हा चार. दुसरी गिटार स्वतंत्र बसव आणि स्वतंत्र रेकॉर्ड कर.

शैली उसनी घेताना ती वाजवणारी माणसं गाठायची, ही त्यांची सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. 1978 च्या ‘ब्राझिलियन स्काइज’साठी ते रिओला गेले. 1981 चा ‘द रेनबो गॉब्लिन्स’ तर एका सचित्र पुस्तकाच्या कथेवर बेतलेला पूर्ण अल्बम आहे. पण तो तू नंतर ऐक, आधी ‘सेशेल्स’ पुरता पचव.

ढोलकी आणायची तुझी कल्पना चांगली आहे, पण तयार लूप चिकटवू नकोस. ढोलकीवाल्याला समोर बसवून, मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, निदान तीन मिनिटं सलग वाजवून घे. त्यावर बास, मग कटिंग, मग की-बोर्ड आणि धून सगळ्यात शेवटी. धून आधी रेकॉर्ड केलीस तर तालवादक तुझ्या मागे धावत राहतो आणि ठेक्यातला झोल मरतो. पुढच्या वेळी धून न घालता, फक्त ताल, बास आणि कटिंग एवढंच पाठव.

तुझा शुभचिंतक