कीटोन ड्रिंकने ड्रिलमध्ये डोकं तल्लख राहतं का?

भाऊ रत्नागिरीला क्यूआरटीत (पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकात) आहे, जॅकेट-हेल्मेट घालून पळापळ झाली की लगेच टार्गेट ओळखायचं असतं, तर कीटोन ड्रिंकचा (शरीर चरबीपासून जे कीटोन बनवतं, ते देणारं तयार पेय) उपयोग होईल का असं विचारलंय तुम्ही. मी तरी पैसे घालवू नका म्हणेन. असलं ड्रिंक, म्हणजे कीटोन एस्टर, प्यायलं की तासाभरात रक्तात कीटोन वाढतात, मेंदू ते इंधन म्हणून वापरतो हे खरंय, पण दमलेलं असताना निर्णय त्याने सुधारतो असं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना मळमळतं, पोट बिघडतं, आणि ऐन ड्युटीवर तसं झालं तर? आपल्या दमट उकाड्यात घामाने पाणी गेलं की लक्ष आधी उडतं, म्हणून झोप पुरी होऊ दे त्याची, सकाळी मीठ घालून पेज, मधे कोकम सरबत. घ्यायचंच असेल तर पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, फायरिंगच्या दिवशी अजिबात नको.