इंटरनेट नसलेल्या उबुंटूवर ढीगभर डेब फायली कोणत्या क्रमाने टाकायच्या?

क्रम लावत बसूच नका. तुमच्या मशीनला नेट नाही, पेनड्राइव्हवर पन्नास-साठ डेब फायली (उबुंटूवर प्रोग्राम टाकायची पॅकेजं) आहेत आणि एकेक टाकायला गेलं की डीपीकेजी (डेब फाइल बसवणारा प्रोग्राम) दुसरंच पॅकेज आधी मागतं, असं तुम्ही लिहिलंय. एकेक टाकताय म्हणूनच ते मागतंय. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये घ्या, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जा आणि एकच कमांड द्या:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब

सुरुवातीचं ./ गाळू नका. ते नसेल तर ॲप्ट (डीपीकेजीकडून काम करून घेणारा, लागणारी पॅकेजं स्वतः जुळवणारा प्रोग्राम) फाइलकडे बघतच नाही, त्या नावाचं पॅकेज रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, शोधतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं. ही सोय 2015 च्या ॲप्ट 1.1 पासून आहे, म्हणजे उबुंटू 16.04 आणि पुढे कुठेही चालेल. त्याहून जुनं मशीन असेल तर सुडो डीपीकेजी -आय *.डेब, पण तेही सगळ्या फायली एकदम देऊन.

एकदम दिल्याने काय होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी त्यानेच सुटतात. डीपीकेजीचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी अनपॅक: फायली डिस्कवर जागच्या जागी ठेवल्या जातात. मग कॉन्फिगर: पॅकेजची स्क्रिप्ट चालते, युजर तयार होतो, सर्व्हिस सुरू होते. 'डिपेंड्स'ची, म्हणजे या पॅकेजला दुसरं कुठलं पॅकेज लागतं याची, अट फक्त दुसऱ्या टप्प्याला लागू असते. म्हणून सगळी पॅकेजं हातात असली की डीपीकेजी ती आधी उलगडून घेतं आणि कॉन्फिगरचा क्रम स्वतः ठरवतं. काही वेळा तर हाताने लावण्यासारखा क्रम अस्तित्वातच नसतो. सिस्टिमच्या दोन मूळ लायब्ररींचंच बघा: लिबसी6 ला लिबजीसीसी-एस1 लागतं आणि लिबजीसीसी-एस1 ला लिबसी6. यातलं आधी कुठलं टाकणार?

अपवाद 'प्री-डिपेंड्स'चा. तिथे दुसरं पॅकेज पूर्ण बसलेलं असल्याशिवाय अनपॅकच होत नाही. ॲप्ट हे आपोआप सांभाळतं. थेट डीपीकेजी वापरताना दोन-चार पॅकेजं अशी अडली तर तीच कमांड पुन्हा चालवा, मग सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए.

--फोर्स-डिपेंड्सच्या (ही अट डावलून पॅकेज बसवायच्या पर्यायाच्या) वाटेला मात्र कृपा करून जाऊ नका. पॅकेज बसल्यासारखं दिसतं, प्रोग्राम उघडत नाही, आणि त्यानंतर ॲप्ट काहीही टाकायला नकार देतं. --फिक्स-ब्रोकन करायला सांगतं, ते करावं तर नेट नसल्यामुळे हवी ती लायब्ररी मिळत नाही आणि तुम्ही टाकलेलं पॅकेजच काढायला निघतं.

एवढं करूनही काही अपुरं आहे असं आलं, तर फायलींचा संच अर्धवट आहे. नेमकं इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. नेटवाल्या मशीनवर ॲप्ट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली दिलं की त्या मशीनवर जे नाही तेवढंच उतरतं. तिथे आधीपासून असलेली लायब्ररी तुमच्या पेनड्राइव्हवर कधीच येत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरं उबुंटू टाका, आवृत्ती तीच (22.04 ला 22.04 च) आणि आर्किटेक्चरही (प्रोसेसरचा प्रकार) तेच, आणि तिथून उतरवा. फायली /व्हार/कॅश/ॲप्ट/अर्काइव्ह्ज मध्ये सापडतील. इकडे आणल्यावर आधी त्याच इन्स्टॉल कमांडला -एस जोडून चालवा: काहीही न बदलता काय होईल आणि काय कमी पडतंय ते दाखवतं.

अशी पाच-दहा मशीन असतील तर लोकल रेपॉझिटरीच करा, फार काम नाही. डीपीकेजी-डेव्ह पॅकेजमधलं डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस त्या फोल्डरवर चालवून 'पॅकेजेस' नावाची यादी बनवा, सोर्सेस लिस्टमध्ये (ॲप्ट पॅकेजं कुठून घेतं त्या पत्त्यांच्या यादीत) त्या फोल्डरचा पत्ता ट्रस्टेड=येस लावून टाका आणि ॲप्ट अपडेट करा. मग प्रत्येक मशीनवर फक्त हव्या त्या प्रोग्रामचं नाव द्यायचं. त्याला लागणारं बाकी सगळं ॲप्ट त्या फोल्डरातून उचलतं.