फी माफीवर बोलायच्या आधी हे वाच

अगं, तुझं भाषण वाचलं. कॉलेजची फी सरकारनेच भरावी हे मलाही पटतं, पण फी माफ झाली की गरीब घरातली मुलं आपोआप डिग्री घेऊन बाहेर पडतील असं तू धरून चाललीयेस ना, तिथे जरा थांब. रात्रपाळी करून सकाळच्या पहिल्या लेक्चरला डुलक्या काढणारी मुलं मी कितीतरी बघितलीयेत, बऱ्याच जणांना फी माफच असते, पण खोलीचं भाडं, जेवण, प्रवास आणि वर घरी पाठवायचे पैसे हे कोण बघणार, मग हळूहळू अटेंडन्स घसरतो, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहतो आणि एक दिवस यायचंच बंद होतं. रेकॉर्डला कारण लागतं, वैयक्तिक. मला याचा फार त्रास होतो.

तू जर्मनीचं उदाहरण दिलंयस, २०१४ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांची फी काढली हे बरोबर, पण १९७१ पासून तिथे बाफॉग म्हणून राहण्याखाण्याची वेगळी मदत आहे ते राहिलंच की. गरजू विद्यार्थ्याला मिळते, साधारण निम्मी अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज. ते घालच.

आणि जागांचं काय? स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांची फी सरकार भरतं, पण किती जागांचे पैसे द्यायचे हेही सरकारच ठरवतं, आणि जागा मोजक्या असल्या की चांगली शाळा-क्लास मिळालेली मुलं पुढे जाणार.

समोरचा नक्की विचारेल, ज्या कामगाराने कॉलेजचं तोंड बघितलं नाही त्याच्या टॅक्समधून उद्याच्या डॉक्टरची फी का? प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नकोस. ऑस्ट्रेलियाने १९७४ ला फी बंद केली आणि १९८९ ला वेगळी पद्धत आणली, सरकार आधी पैसे भरतं आणि पुढे तुझं उत्पन्न ठराविक आकड्याच्या वर गेलं की टॅक्सबरोबर थोडंथोडं कापून घेतं, कमाई नसेल तर हप्ताच नाही. मला हाच मार्ग बरा वाटतो, फक्त कर्जाची रक्कम पूर्वी महागाईबरोबर वाढायची, २०२३ मध्ये ७.१ टक्के वाढली तेव्हा इतकी ओरड झाली की नियम बदलावा लागला. हेही लपवू नकोस.

राहण्याखाण्याचा मुद्दा सगळ्यात आधी घे, फी नंतर. नवीन ड्राफ्ट झाला की पाठव, मी लगेच वाचतो.