जुन्या व्हीसीआरवर एचडी चॅनल रेकॉर्ड करायचंय? आधी हे वाच

अरे होतं की, घाबरू नकोस, फक्त टेपवर एचडी मिळणार नाही हे आधीच मनाशी धर. व्हीएचएसवर (म्हणजे व्हीसीआरच्या टेपवर) आडव्या दिशेत जेमतेम 240 रेघांइतकं डिटेल उतरतं, समोर एचडी असलं तरी.

सगळे पहिली चूक करतात ती म्हणजे एचडीएमआय वायरच्या मागे लागणं. ते सोड. सेटटॉप बॉक्सच्या मागे एव्ही आउट बघ, पिवळी-लाल-पांढरी वायर तिथून व्हीसीआरच्या लाइन-इनला (बाहेरचा सिग्नल आत घ्यायची भोकं). नवीन बॉक्सला नुसतं छोटं गोल होल असतं, त्याची वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळते, पण प्रत्येक वायरची जोडणी सारखी नसते, त्यामुळे चित्र आलं नाही तर तीन रंगांच्या पिना अदलाबदल करून बघ, मी दोन संध्याकाळी बॉक्सलाच शिव्या घालत बसलो होतो 😀

मग:
- व्हीसीआरवर चॅनल नाही, एव्ही निवड. त्याचा ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) आता बिनकामाचा, मुंबईत केबल 2012 लाच डिजिटल झाली.
- टायमर लावलास तर बॉक्स चालू आणि त्याच चॅनलवर ठेव, नाहीतर सकाळी 3 तास काळा पडदा.
- माणसं लंबूटांग दिसली तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये 4:3 लेटरबॉक्स कर.

आणि हो, पावसाळ्यात कपाटात पडलेली टेप डायरेक्ट घालू नकोस, इथल्या दमट हवेत बुरशी धरते आणि तीच व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते. पांढरे डाग दिसले तर ती टेप बाजूलाच ठेव.

डिजिटाइज वगैरे नंतर बघू, आधी 10 मिनिटं रेकॉर्ड करून दाखव.