ख्रिस्ती माणसाने मॅजिक मशरूम घेतलं तर ते पाप आहे का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. घर नागपुरात, ख्रिस्ती कुटुंब, नोकरी पुण्यात. मित्र कोडाईकनालला जाऊन मॅजिक मशरूम, म्हणजे भास घडवणारी अळंबी, खाऊन आले आणि त्यातला एक छातीठोक सांगतो की मला तिथं येशू भेटला. चर्चमधल्या कुणी तरी बायबलातलं गलतीकरांस पत्र 5:20 दाखवून 'हे चेटूक आहे' म्हणून विषय संपवला, पण तुझं समाधान झालं नाही. शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, तिच्याकडे नंतर येतो. वय तेवीस लिहिलंस, माझा मुलगा तेवढाच आहे, म्हणून अरे-तुरे करतो.

मी पाळक नाही. सदरमधल्या एका मंडळीचा सभासद आहे आणि धंतोलीत माझं औषधांचं दुकान आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं, एवढ्या भांडवलावर लिहितोय.

आधी ते चेटूक. आपल्या मराठी बायबलात जिथं 'चेटके' आहे, तिथं मूळ ग्रीक शब्द 'फार्माकेया'. फार्मसी हा शब्द त्याच घराण्यातला, म्हणजे शब्दाच्या मुळावरून पाप ठरवायचं तर मला उद्याच शटर पाडावं लागेल. निर्गम 7 मध्ये फारोचे जादूगार काठ्यांचे साप करतात, तिथंही जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द वापरलाय, आणि त्या प्रसंगात कुणी काही खात नाही की पीत नाही. ते गलतीकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या काळी त्यात विष घालणं, काढे, मंत्रतंत्र असं बरंच काही येई. त्या एका शब्दावर अळंबीचा निकाल लावणं मला ओढूनताणून वाटतं. उलट टोकाची थापही तुझ्या मोबाईलवर येईल. 1970 साली जॉन अ‍ॅलेग्रो या अभ्यासकाने ख्रिस्ती धर्म मुळात अळंबी खाणाऱ्या पंथातूनच निघाला असं पुस्तक लिहिलं. जाणकारांनी ते तेव्हाच धुडकावलं. त्यात वेळ घालवू नको.

चर्चचं अधिकृत म्हणणं विचारशील तर कॅथलिकांचं लिखित आहे. त्यांच्या धर्मशिक्षण-ग्रंथात, परिच्छेद 2291 मध्ये, निव्वळ उपचाराची बाब सोडली तर अमली पदार्थ घेणं गंभीर पाप मानलंय. आपल्या प्रॉटेस्टंटांकडे असा एकच ग्रंथ नाही. पण आमच्या मंडळीत प्रभुभोजनालासुद्धा वाइनऐवजी मनुका उकळून केलेला रस असतो. तिथं अळंबीचं नाव काढलं तर काय होईल, हे तू घरचाच असल्याने तुला सांगायला नको.

तरी तुझा मित्र थापा मारतोय असं मी म्हणणार नाही. 1962 च्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), 20 एप्रिलला, बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पानके या डॉक्टरने एक प्रयोग केला. ईश्वरविद्येचे वीस विद्यार्थी तळघरातल्या प्रार्थनागृहात बसले. वर तिथले पाळक हॉवर्ड थर्मन उपासना चालवत होते, ती खाली लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती. दहा जणांना सायलोसिबिन, म्हणजे या अळंबीतलं मुख्य द्रव्य, आणि बाकी दहा जणांना एक जीवनसत्त्व, ज्याने नुसती अंगाची आग होते. पहिल्या दहातल्या बहुतेकांनी देवाच्या सान्निध्याचं असं वर्णन केलं की लोक अजून त्याबद्दल बोलतात. पंचवीसेक वर्षांनी रिक डॉब्लिन या संशोधकाने त्यांना शोधून काढलं, तेव्हाही ते 'तो अनुभव खरा होता' म्हणाले. त्याच शोधात हेही बाहेर आलं की एकजण इतका बिथरला होता की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं, आणि ही गोष्ट मूळ अहवालात नव्हती. अलीकडे अमेरिकेत पाळकांनाच हे द्रव्य देऊन अभ्यास झाला. त्यात भाग घेतलेल्या हंट प्रीस्ट (आडनावच तसं!) यांनी 2021 मध्ये ख्रिस्ती लोकांत या विषयाचा प्रसार करणारी लिगारे ही संस्था काढली.

पण माझं मत बदललं ते मारिया साबिनामुळे. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातली माझातेक जमातीची ही म्हातारी कॅथलिक होती, आणि तिच्या रात्रभराच्या विधीत संतांची, येशूची नावं येत. 1955 मध्ये गॉर्डन वॉसन नावाचा अमेरिकन बँकर तिच्याकडे ही अळंबी खाऊन आला. 1957 मध्ये त्याने ते 'लाइफ' मासिकात छापलं आणि गावात परदेशी पोरांची रीघ लागली. गावकरी चिडले, तिचं घर जाळलं गेलं. पुढे ती म्हणाली की वॉसनच्या आधी कुणी नुसतं देव शोधायला हे खात नव्हतं, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खायचे. ज्या बाईच्या नावावर हा सगळा बाजार उभा राहिला, तीच हे म्हणते!

आजारी माणसाचं निघालं म्हणून एक सांगतो. माझी आई कॅन्सरने गेली, शेवटी मॉर्फिनवर होती. भेटायला आलेले एक वडीलधारे सभासद तिच्या उशाशी बसून म्हणाले की प्रभूने वधस्तंभावर बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने गोळी घेतली नाही. पहाटे तीनला तिचं कण्हणं ऐकून मी उठलो. पाण्यासोबत गोळी दिली आणि त्या गृहस्थांना मनातल्या मनात नको ते बोललो.

दोन वर्षांनी उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यावर बोलायचं माझ्याकडे आलं, 'मला तहान लागली आहे'. नागपूरचा एप्रिल, कूलर खडखडतायत, बाहेर बेचाळीस. तयारी करताना लक्षात आलं की मार्क 15:23 मध्ये जो पेला नाकारतो, तोच योहान 19 मध्ये तहान लागली म्हणतो आणि दिलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतो. नाकारणं त्याचं स्वतःचं होतं. त्यावरून दुसऱ्याच्या वेदनेला नियम लावता येत नाही. पौलही तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. म्हणून उद्या एखाद्या डॉक्टराने औषध म्हणून सायलोसिबिन दिलं, तर माझ्या विश्वासाला अडचण नाही. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून ठराविक मनोविकारतज्ज्ञांना ते हट्टी नैराश्यासाठी देता येतं. आपल्याकडे नाही.

मित्रांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. त्यांना आजार नव्हता, दर्शन हवं होतं. त्यासाठी गलतीकर बंद कर आणि प्रेषितांची कृत्ये 8 उघड. शोमरोनचा शिमोन, आपण हात ठेवू त्याला पवित्र आत्मा मिळावा असा अधिकार विकत घ्यायला पैसे पुढे करतो आणि येशूचा शिष्य पेत्र त्याला झाडतो. मला खटकतं ते हेच, मागवलं की येणारा देव. देव अळंबीतून बोलूच शकत नाही असं मी म्हणत नाही. बलामाच्या गाढवीच्या तोंडून बोलला तो! पण तेवढ्यासाठी कुणी गाढवी पाळली नाही. पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत गेलेल्या माणसाबद्दल लिहितो तेही चौदा वर्षांनी, आणि आढेवेढे घेत. तुझ्या मित्राने दुसऱ्या दिवशी स्टेटस टाकलं.

कायद्याचं थोडक्यात. सायलोसिबिन 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या प्रकरणात अळंबी ही नैसर्गिक बुरशी आहे, तिचं सगळं वजन अमली पदार्थाचं धरता येणार नाही, असं म्हटलं. ते वाचून 'आता मोकळं झालं' म्हणणारे भेटतील. जामिनासाठी भांडायची वेळच कशाला आणायची? आणि जंगलातली अळंबी ओळखणं सोपं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात टेकोडे विकायला येतात, तेसुद्धा मी ओळखीच्या बाईकडूनच घेतो.

आता ती ओळ. 'डिप्रेशनच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, त्या बंद करून एकदा हे करून बघू का?' गोळ्यांची नावं तू दिली नाहीस. त्यात लिथियम असेल तर ऐक: लिथियमवर असताना सायलोसिबिन घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर हे द्रव्य तुझ्यासाठी नाहीच. आणि चालू गोळी मनाने बंद करू नको, कित्येक गोळ्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. उद्या तुझ्या डॉक्टरांना फोन कर आणि हा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखव. ते रागावणार नाहीत, आमच्या काउंटरवर याहून विचित्र प्रश्न येतात.

पाळकांशीही बोलायचं असेल तर रविवारी उपासना सुटल्यावर गाठू नको, तेव्हा चहा असतो आणि दहा कान असतात. नागपूरला आलास की मधल्या वारी, संध्याकाळी घरी जा. गोळ्यांचंही सांग.