अर्ध्या निमिषात २२०२ योजनं

प्रश्न : वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी १४व्या शतकातच प्रकाशाचा वेग लिहून ठेवला होता, असा मेसेज सारखा फिरतो. गणितही बरोबर येतं. मग मानायचं का?

उत्तर : गणित येतं, पण ते कसं आणलंय ते बघा. ऋग्वेदातली मूळ ऋचा (१.५०.४) ‘तरणिर्विश्वदर्शतो’ अशी सुरू होते. तिच्यात आकडाच नाही. आकडा आहे सायणांच्या भाष्यात, तोही स्मृतीतला म्हणून दिलेल्या श्लोकात : अर्ध्या निमिषात २२०२ योजनं जाणाऱ्या तुला नमस्कार असो. (निमिष म्हणजे पापणी लवण्याएवढा वेळ, योजन हे अंतराचं जुनं माप.) हा नमस्कार सूर्याला आहे आणि धावतोय तोही सूर्यच. भागवताच्या पाचव्या स्कंधातही सूर्य एका क्षणात २००० योजनं आणि वर दोन कोस जातो. तिथं तर विषय उघडच त्याच्या रोजच्या प्रदक्षिणेचा आहे.

आता मापं. मेसेजमध्ये योजन ९.०९ मैलांचं आणि निमिष ०.२१३ सेकंदाचं धरतात. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १ लाख ८८ हजार मैल. प्रकाशाचा वेग १ लाख ८६ हजार. झकास! पण निमिषाचं हे माप विष्णुपुराणातलं (दिवसाची ४,०५,००० निमिषं). भास्कराचार्यांच्या कोष्टकात दिवसाची ९,७२,००० निमिषं होतात, भागवतात २,०२,५००. योजनाचंही तेच. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १६०० योजनं आहे, म्हणजे योजन जेमतेम ८ किलोमीटरचं; मेसेजमधले ९.०९ मैल म्हणजे १४.६ किलोमीटर. कुठलंही माप कुठल्याही मापाशी जोडा, वेग सेकंदाला ८२ हजारांपासून सव्वासात लाख किलोमीटरपर्यंत कुठेही नेता येतो. प्रकाशाचे तीन लाख त्यातच कुठेतरी सापडणार.

प्रश्न : आणि हनुमान चालिसातलं ‘जुग सहस्र जोजन’? त्यात सूर्याचं अंतर दिलंय म्हणतात.

उत्तर : इथं १२,००० गुणिले १,००० गुणिले ८ मैल असं करून ९.६ कोटी मैल काढतात. सूर्य खरोखर ९.३ कोटी मैलांवर आहे. मात्र युगाची १२,००० ही वर्षं आहेत, ती योजनांना गुणून मैल कसे होतील? शिवाय वर ९.०९ मैलांचं असलेलं योजन इथं गुपचूप ८ मैलांचं झालं. ९.०९च कायम ठेवले तर सूर्य जातो १०.९ कोटी मैलांवर. सूर्यसिद्धांतात सूर्याच्या कक्षेचा परीघ ४३,३१,५०० योजनं दिलाय. त्यावरून अंतर येतं साधारण ५५ लाख किलोमीटर, खऱ्याच्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकं.

पाठ थोपटायचीच तर आर्यभटाची थोपटा. त्याने इ.स. ४९९च्या सुमारास महायुगात (लाखो वर्षांच्या एका कालखंडात) पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या आणि १,५७,७९,१७,५०० दिवस दिलेत. योजन नको, निमिष नको. दिवसांना फेऱ्यांनी भागा, २४ तासांनी गुणा : पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांत. आजचं मापही तेवढंच आहे.